लाल पेट्या आणि तांबडी ज्वारी

गेल्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत तीन महिने राहून आलो. ती टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात असते. जावई आणि मुलगी सकाळी कामावर गेले की दिवस खायला उठायचा. सासरेबुवा पुस्तकांत रमतात हे जाणून जावयाने एके शनिवारी गाडी काढली आणि आम्हाला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या ग्रंथालयात नेऊन सोडले.

ग्रंथालय म्हणजे कपाटे आणि पुस्तके अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात ते दप्तरखाना निघाले. मधल्या भव्य दालनात काचेमागे मजल्यावर मजले चढत गेलेले, आणि प्रत्येक मजल्यावर ओळीने लावलेल्या लाल पेट्या, त्यांवर सोनेरी शिक्का. एका माणसाच्या कारभाराचे साडेचार कोटी कागद तिथे आहेत. मी पस्तीस-छत्तीस वर्षे बँकेत काढली आहेत. कागदाचा ढीग पाहून मला धाप लागत नाही, पण इथे मात्र मान वर करून नुसता पाहत उभा राहिलो. तलाठ्याच्या दप्तरातले लाल कापडाचे बस्ते आठवले. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल आठवले. आणि कसे कोण जाणे, पण बहात्तर सालची तांबडी ज्वारी आठवली.

आमचे गाव हिंगोलीपासून फार दूर नाही. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, तो १९९९ साली झाला. आम्ही परभणी जिल्ह्यातले. १९७२ साली पाऊस रुसला तेव्हा मी पाचवीत होतो. कयाधूचे पात्र कोरडे, विहिरी कोरड्या, गोठ्यातली जनावरे बाजारात मिळेल त्या भावाला गेलेली. आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जायची. कामावर सुकडी मिळे. त्यातली अर्धी ती पदराला बांधून आम्हा भावंडांसाठी आणायची. रेशनवर मिळायची ती तांबडी ज्वारी. तिला सगळे ‘मिलो’ म्हणत. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडायची. ‘अमेरिकेत ही गुरांना घालतात’ असे मोठी माणसे म्हणायची, आणि ते खरेच होते. पण आम्ही ती खाल्ली आणि जगलो.

ती ज्वारी आमच्या गावापर्यंत येण्याचा रस्ता त्या वयात ठाऊक नव्हता. पुढे कळला. मुंबई बंदरात जहाज लागायचे, तिथून रुंद रुळांवरून मनमाड. मनमाडला पोती उतरवून अरुंद रुळांच्या डब्यांत भरायची, मग औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, वसमत आणि हिंगोली. हा झाला धान्याचा प्रवास. पण परदेशी धान्य आमच्या रेशन दुकानाच्या तराजूत पडू लागले त्याची सुरुवात कुणाच्या टेबलावर झाली, ते या लाल पेट्यांमधल्या कागदांत आहे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांचे कागद पूर्वी त्यांची खासगी मालमत्ता समजले जात. पायउतार झालेला अध्यक्ष ते घरी घेऊन जाई. काही जळाले, काही विकले गेले, काही वारसांनी माळ्यावर टाकले. फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी ही रीत मोडली. आपले सारे कागद त्यांनी राष्ट्राला दिले आणि १९४१ साली हाइड पार्क या आपल्या गावी त्यांचे ग्रंथालय उघडले. त्यानंतरच्या अध्यक्षांनी हीच वाट धरली. मग आले रिचर्ड निक्सन. त्यांनी १९७१च्या फेब्रुवारीत आपल्या कचेरीत गुप्तपणे ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बसवली होती. वॉटरगेट प्रकरणात त्याच ध्वनिफिती त्यांच्या गळ्याला फास झाल्या आणि ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यातून धडा घेऊन १९७८ साली कायदा झाला की यापुढे अध्यक्षाचे कागद जनतेचे. १९८१पासून सत्तेवर आलेल्या प्रत्येकाला तो लागू आहे.

आता आपल्या गव्हाकडे येऊ. अमेरिकेत शेतमाल गरजेपेक्षा जास्त पिकत होता. १९५४ साली तिथे एक कायदा झाला. त्याचा क्रमांक ४८० म्हणून आपल्याकडे त्या धान्याला ‘पीएल ४८०’ हे नाव पडले. गरजू देशांनी हा माल डॉलरऐवजी स्वतःच्या चलनात घ्यावा, अशी त्यात सोय होती. डिसेंबर १९५९ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर दिल्लीला आले. भारतात आलेले ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. दिल्लीत तेव्हा जागतिक कृषी प्रदर्शन भरले होते, तिथल्या अमेरिकी दालनाचे त्यांनी उद्घाटन केले. त्यानंतर पाच महिन्यांनी, ४ मे १९६० रोजी, आपले अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये त्यांच्याबरोबर करारावर सही केली. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. महाराष्ट्र राज्य जन्माला येऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते. म्हणजे आपल्या राज्याचा आणि या गव्हाचा पाळणा जवळपास एकाच आठवड्यात हलला.

फुकटचा गहू कुणालाच फुकट पडत नाही, हे जॉन्सन यांच्या काळात कळले. १९६५ साली कराराची मुदत संपली आणि नेमका पाऊसही दगा देऊन गेला. जॉन्सन यांनी लांब मुदतीचा नवा करार केला नाही. थोडे थोडे धान्य सोडायचे आणि दोरी आपल्या हातात आखूड धरायची, असे त्यांचे धोरण होते. धान्य सोडण्याचा निर्णय ते अनेकदा स्वतःकडेच ठेवत. त्यांचेच सल्लागार ‘आता जहाजे सोडा’ म्हणून विनवत आणि अध्यक्ष थांबा म्हणत. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे हे एक कारण होते. भारत व्हिएतनामच्या युद्धावर टीका करतो याचा राग हे दुसरे. १९६६ या एका वर्षात आपण एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणले. जहाज बंदराला लागावे आणि धान्य थेट तोंडात जावे, अशी अवस्था होती.

इकडे लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. आमच्या शेजारच्या पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असे ते जाहीर सभेत बोलून गेले. संकरित ज्वारीचे बियाणे गावोगाव पोचले आणि ‘हायब्रीड’ हा शब्द आमच्या आज्यांच्या तोंडी बसला. त्या साऱ्या धडपडीमागे ती आखूड दोरी होती, हे मला ऑस्टिनमध्ये नीट उमगले.

गंमत अशी की याच जॉन्सन यांच्या १९६५ सालच्या कागदांत दुसरेही काही आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या कायद्यावर सही केली. ऑक्टोबरमध्ये परदेशी माणसांना प्रवेश देताना जन्माच्या देशानुसार डावे-उजवे करणारी जुनी पद्धत मोडली. त्या दुसऱ्या सहीने भारतातल्या डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडले. पुढे अमेरिकेत इतकी मराठी घरे झाली की गावोगावी महाराष्ट्र मंडळे निघाली, १९८१ साली त्यांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. माझी मुलगी त्याच दारातून गेली. ज्या हाताने माझ्या देशाचा गहू अडवला, त्याच हाताने माझ्या लेकीची वाट मोकळी केली. माणसाला एका शब्दात बसवू नये, हे मी कादंबऱ्या लिहिताना शिकलो होतो. तिथे त्याचा लेखी पुरावा मिळाला.

निक्सन यांच्या ध्वनिफितींविषयी मात्र लिहिताना हात आखडतो. नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिरा गांधी त्यांना भेटून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निक्सन आणि किसिंजर त्यांच्याविषयी ज्या शब्दांत बोलले, ते शब्द घरातल्या सर्वांनी वाचायच्या पानावर छापण्याजोगे नाहीत. पण ते बोलणे अमेरिकेच्याच परराष्ट्र खात्याने २००५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आणखी काही उतारे २०२० साली उजेडात आले. आपल्याच अध्यक्षाची अब्रू जाईल असा कागद सरकार स्वतः छापते, याचे मला निक्सन यांच्या शिव्यांपेक्षा जास्त नवल वाटते.

डिसेंबरात युद्ध झाले, अमेरिकेने मदत थांबवली आणि भारतानेही सवलतीचे धान्य नको म्हणून सांगितले. त्यामुळे १९७२च्या दुष्काळात बाहेरून आणलेले धान्य बहुतेक रोख पैसे मोजून विकत घेतलेले होते. आम्ही ती ज्वारी दान समजून मान खाली घालून खाल्ली. ते दान नव्हते. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितले असते, तर तो घास तेवढा टोचला नसता.

बँकेच्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट राहिली. गव्हाच्या मोबदल्यात दिलेले रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यात साठत गेले होते. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी राजदूत मॉयनिहन यांनी त्यातले १,६६४ कोटी रुपये एका चेकने भारत सरकारला परत केले. जगातला सर्वांत मोठा चेक म्हणून त्याची नोंद झाली. मी आयुष्यभर चेकवरचे आकडे आणि अक्षरे ताडून पाहिली. ती शून्ये मोजायला मला आवडले असते.

त्या रुपयांचा आणखी एक उपयोग झाला होता. १९६२पासून अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने दिल्लीत कचेरी थाटून याच पैशांतून भारतीय भाषांतली पुस्तके घेतली आणि तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. मराठी पुस्तकेही गेली. रुपयांची ती गंगाजळी पुढे आटली, पण खरेदीची रीत चालू राहिली. ऑस्टिनच्या विद्यापीठात मुलीने संगणकावर माझे नाव टाकले, तर माझी पहिली कादंबरी तिथे निघाली. आमच्या गावच्या वाचनालयातली तिची प्रत कधीच हरवली आहे.

परत आल्यावर हे सारे आईला सांगितले. ती आता चौऱ्याऐंशीची आहे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘त्या सायबाचे येवढे कागद जपले म्हन्तोस. मंग लेका, आमची हजेरी कुठं हाय?’’

हजेरी म्हणजे पाझर तलावाच्या कामाचे मस्टर. त्यावर तिचे नाव आणि अंगठा होता. मी एका कचेरीत जाऊन चौकशी केली. तिथल्या तरुण कारकुनाने अदबीने सांगितले की मुदत संपलेले कागद नियमाप्रमाणे नष्ट केले जातात. मला त्याच्यावर रागावता आले नाही. कारण तोच नियम मीही पाळला होता. शाखेत संगणक आले तेव्हा जुन्या दस्तऐवजांची खोली रिकामी करण्याचे काम माझ्याकडे होते. १९७३-७४ सालच्या विहिरीच्या आणि बैलजोडीच्या कर्जांची प्रकरणे होती. एका अर्जात कर्जाचे कारण लिहिले होते: दुष्काळात बैल विकले, आता औताला बायको आणि भाऊ आहेत. मी तो अर्ज दोनदा वाचला. मग यादीखाली सही केली आणि पोती रद्दीच्या टेंपोत चढली. मी कादंबरीकार, पण अर्जदाराचे नावही टिपून ठेवले नाही.

कागदाची किंमत आपल्याला गरज पडल्यावर कळते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून निजामकालीन दप्तरे धुंडाळली गेली, तेव्हा जीर्ण पाने हाताळताना आणि उर्दू-मोडी वाचणारी माणसे शोधताना सर्वांची त्रेधा उडाली. एका ओळीसाठी लोक पणजोबांचे नाव घेऊन दारोदार फिरले. ती ओळ कधीकाळी एखाद्या गुमास्त्याने कंटाळत लिहिली असेल. ती उरली कारण कुणीतरी तो बस्ता फेकला नाही.

राष्ट्राध्यक्षांच्या पेट्या जपायला राष्ट्र आहे. पाझर तलावावर माती वाहणाऱ्यांची दप्तरे आपणच जपायची आहेत. गेल्या दिवाळीपासून मी रोज संध्याकाळी वही घेऊन आईजवळ बसतो. कामावर कोण कोण होते, कुणाची किती लेकरे होती, पहिला पाऊस कोणत्या दिवशी पडला, ती सांगते आणि मी लिहितो. आतापर्यंत एकेचाळीस नावे झाली आहेत. त्यातली बहुतेक माणसे आता नाहीत. परवा ती मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘‘माझं नाव लिवलंस का?’’

ते राहून गेले होते. त्या रात्री पहिल्या पानावर, सर्वांत वर, ते लिहिले. खाली तिचा अंगठा घेतला.