दरबारीचा गंधार आणि पीएच.डी.ची वर्षं

१९१७ साली ग्वाल्हेर दरबारचे काही गवई मुंबईला शिकायला गेले. ख्यालाचं माहेरघर म्हणून सारा हिंदुस्थान ज्या शहराकडे बघत होता, तिथली ही पट्टीची गाणारी माणसं. आणि ती गेली कुणाकडे? कुणा उस्तादाकडे नाही, तर एलएल.बी. झालेल्या एका वकिलाकडे. त्या वकिलाचं नाव विष्णू नारायण भातखंडे.

या मंडळींत राजाभैया पूछवाले होते. जन्म १८८२ चा, म्हणजे तेव्हा वय पस्तिशीच्या घरात. शंकरराव पंडितांची तालीम मिळालेली, गळ्यात शेकडो बंदिशी. त्यांना गाणं शिकायचं नव्हतं. आपण जे गातो ते कागदावर कसं उतरवायचं आणि वर्गात बसलेल्या पोरांना क्रमाने कसं शिकवायचं, एवढंच शिकायचं होतं. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी त्यांना त्यासाठीच पाठवलं होतं. जानेवारी १९१८ मध्ये ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय उघडलं, आणि पुढे त्याच विद्यालयाचे प्राचार्य म्हणून राजाभैयांचं नाव झालं.

मला ही घटना फार मोठी वाटते. जे आपल्याला येतं ते दुसऱ्याला सांगता यावं, म्हणून ऐन पस्तिशीत पुन्हा पाटी हातात घ्यायची. उच्च शिक्षण म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही.

आज मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलगी एम.ए. किंवा एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी. म्हणते, चार-पाच वर्षं घालवावीत का? बरोबरीची मुलं तोवर नोकरीत स्थिरावतील, आणि हिच्या हातात काय येणार? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ग्वाल्हेरात शोधावं असं मला वाटतं, कारण तिथे एकच विद्या दोन्ही वाटांनी चालत आली आहे: आधी कागदाशिवाय आणि मग कागदासह. दोन्ही वाटांनी काय दिलं, हे तिथे शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं.

कागदाशिवायची वर्षं

ग्वाल्हेरच्या ख्यालाची कथा सुरू होते नत्थन पीरबक्ष आणि त्यांचे नातू हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्यापासून. सांगतात, की बडे महंमद खाँ आपली तान कुणाला शिकवत नसत, म्हणून ही दोन पोरं त्यांचं गाणं आडून ऐकत आणि घरी येऊन गळ्यात घोटवत. खरं-खोटं कसंही असो, त्या काळी विद्या मिळवण्याची रीत कशी होती हे त्यातून कळतं. पुस्तक नाही, अभ्यासक्रम नाही, किती वर्षं लागतील याचा भरवसा नाही.

हस्सू खाँसाहेबांचे एक शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे शिकायला आले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, जन्म १८४९. कृष्णाकाठचा हा मुलगा गाण्यापायी घर सोडून निघाला. धारला देवजीबुवा परांजप्यांच्या घरी राहिला, पडेल ते काम केलं, आणि शेवटी वासुदेवबुवांपर्यंत पोहोचला. विद्या पदरात पडली तेव्हा हातात प्रमाणपत्राचा चिटोराही नव्हता. पण हा माणूस महाराष्ट्रात परतला आणि ग्वाल्हेरचा ख्याल आपल्या मुलखात रुजला. विष्णू दिगंबर पलुसकर, अंतूबुवा जोशी, मिराशीबुवा, गुंडूबुवा इंगळे ही सगळी त्यांची शिष्यशाखा. एका माणसाने कुणाच्या तरी घरी पाणी भरत काढलेली वर्षं पुढे एका अख्ख्या प्रांताच्या कामी आली.

या शिक्षणाची ताकद एका गोष्टीत होती: ऐकणारा कान सतत समोर असे. शिष्य सकाळी षड्‌ज लावे, गुरू दुसऱ्या खोलीतून म्हणे, ‘उतरतोय, पुन्हा लाव.’ वर्षानुवर्षं कुणीतरी तुमचा एकेक स्वर ऐकून तो चुकला की बरोबर आला हे सांगतंय, अशी तालीम आजही दुर्मीळ आहे. आणि तिचा कच्चा दुवाही तोच होता. गुरूचं मन झालं तर विद्या, नाही तर नाही. कोण शिकेल हे जात, पुरुषपण, नशीब आणि गुरूची मर्जी ठरवत असे.

वर्ग, परीक्षा आणि पदव्या

बाळकृष्णबुवांच्या शिष्याने हा दुवा बदलला. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबरांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली होती. मिरजेला बुवांकडे शिकून ते बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेली वेळ, ठरलेली फी, ठरलेला अभ्यासक्रम, आणि कुणीही यावं. ग्वाल्हेरातही शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ मध्ये स्वतःची संगीतशाळा सुरू केली. विष्णू दिगंबरांच्या निधनानंतर १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं, आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी मराठी घराघरांत पोहोचली. परीक्षेच्या सकाळी पेटीवर ‘भूप’ घोकणारं पोर आपल्या ओळखीत एक तरी सापडतंच.

या परीक्षांनी किती मोठे गवई दिले, असा हिशेब काही जण मांडतात. मला तो हिशेब अपुरा वाटतो. परीक्षांमुळे मध्यमवर्गीय घरांतल्या मुली राजरोस गाणं शिकू लागल्या. ऐकणाऱ्यांची एक पिढी घडली, जिला यमन आणि भूपातला फरक कळतो. शाळांना संगीतशिक्षक मिळाले. मैफलीला जाणकार श्रोता लागतो, आणि तो या वर्गांनी दिला.

मर्यादाही स्पष्ट होती. १९३३ च्या सुमारास गदगचा एक मुलगा गुरूच्या शोधात घरातून पळाला आणि ग्वाल्हेरला येऊन याच माधव संगीत विद्यालयात दाखल झाला. त्याचं नाव भीमसेन जोशी. तिथे तो थांबला नाही. गावोगाव भटकून शेवटी त्याला हवा तो गुरू कुंदगोळला, सवाई गंधर्वांत सापडला. विद्यालय चांगलं असूनही त्या मुलाला हवं होतं ते तिथे नव्हतं, आणि ते ओळखून बाहेर पडणं हाही त्याच्या शिक्षणाचाच भाग होता.

एका स्वराखालची रेघ

आता भातखंड्यांनी त्या गवयांना शिकवलेली लिपी जवळून पाहू. स्वर कोमल असेल तर अक्षराखाली आडवी रेघ. मध्यम तीव्र असेल तर डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब. समेवर गुणाकाराचं चिन्ह, कालावर शून्य. एका मात्रेत दोन-चार स्वर आले तर त्यांच्याखाली चंद्रकोर, मींड असेल तर वर कमान. एवढ्याशा सामग्रीवर भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत अठराशेहून अधिक बंदिशी टिपून ठेवल्या. ज्या चिजा घराण्यांच्या कुलपात होत्या, त्या कुणालाही उघडून वाचता येऊ लागल्या. दक्षिणेपासून बंगालपर्यंत हिंडून, पोथ्या आणि माणसं धुंडाळून, वकिली बाजूला ठेवून या माणसाने हे केलं. पीएच.डी.चं नाव न घेता केलेलं ते संशोधनच होतं.

पण त्या लिपीत एक जागा रिकामी राहते, आणि मला सर्वांत जास्त विस्मय तिचाच वाटतो.

भीमपलासीत गंधार कोमल आहे. दरबारी कानड्यातही गंधार कोमल आहे. लिपीत दोन्हीकडे तोच ग, खाली तीच आडवी रेघ. आता कुणा चांगल्या गवयाकडून दोन्ही ऐका. दरबारीचा गंधार ऋषभाच्या जवळ, खाली उतरून, संथ झोके घेत असतो. एका जागी उभा राहतच नाही. भीमपलासीचा गंधार त्याहून चढा आणि वेगळ्या ढंगाने लागणारा. दरबारी तानसेनाच्या नावावर सांगितला जातो, आणि तानसेनाची कबर ग्वाल्हेरातच आहे, महंमद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात. गळा गोड व्हावा म्हणून गाणारे तिथल्या चिंचेचा पाला चघळत आले आहेत. इतकी जुनी गोष्ट, इतकी ओळखीची. तरी त्या एका स्वराचं नेमकं काय चाललंय, ते कागदावरची रेघ सांगू शकत नाही.

मग कुणीतरी विचारतं: तो गंधार नक्की कुठे असतो? या प्रश्नापासून संशोधन सुरू होतं. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तो विचारला, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली, श्रुती मोजल्या आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक छापलं. १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि स्टोन या अभ्यासकांनी यंत्राने मोजणी करून दाखवलं, की कसलेल्या कलावंताचा एकच स्वर एकाच वादनातही दर वेळी अगदी त्याच जागी पडत नाही. म्हणजे बावीस ठरलेल्या घरांची कल्पनाच पुन्हा तपासायला हवी. आज संगणक सप्तकाचे १२०० भाग करून गंधाराच्या आंदोलनाची वक्ररेषा पडद्यावर काढून देतो. पण आंदोलनाचा वेग कोण ठरवतं? घराणं, लय, बंदिशीतलं अक्षर की गाणाऱ्याची त्या दिवसाची तब्येत? इथे अजून कित्येक प्रबंधांना जागा आहे.

पीएच.डी. ही वस्तू मुळात एवढीच असते. एम.ए.पर्यंत तुम्ही माहीत असलेलं शिकता. पीएच.डी.त आजवर कुणालाच नीट माहीत नसलेली एक लहानशी गोष्ट शोधून, ज्यांचा तुमच्याशी काही संबंध नाही अशा परीक्षकांसमोर ती टिकवून दाखवायची असते. ग्वाल्हेरच्या जुन्या तालमीत सतत ऐकणारा गुरू होता; इथे त्याच्या जोडीला अनोळखी परीक्षक येतात. गुरूची मर्जी तिथे पुरत नाही, पुरावा लागतो.

दोन प्रबंध, दोन गायिका

बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णू दिगंबर, त्यांचे शिष्य शंकर श्रीपाद बोडस. बोडस कानपूरला गेले आणि तिथेच त्यांनी संगीताचं काम उभं केलं. त्यांची मुलगी वीणा सहस्रबुद्धे. घरात ग्वाल्हेरची गायकी, वडील आणि भाऊ गुरू. आधी अलंकार, आणि १९८८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, डॉक्टरेट. मैफली मिळवण्यासाठी त्यांना पदवीची गरज नव्हती. तरी त्यांनी ती वर्षं दिली. गळ्यात आहे ते विचारात मांडायची ओढ असल्याशिवाय कुणी चाळिशीत प्रबंध लिहायला बसत नाही.

दुसरं नाव किराणा घराण्याच्या प्रभा अत्रे यांचं. त्यांच्याकडे विज्ञानाची पदवी होती, कायद्याचीही. ख्यालात सरगम घ्यावी की नाही, यावर मैफलींतून आणि समीक्षेतून मतभेद होते, आणि प्रभाताई तर सरगम गात होत्या. त्यांनी सरगम हाच डॉक्टरेटचा विषय केला. स्वतःच्या गाण्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपाला त्यांनी अभ्यासाने उत्तर दिलं. प्रश्न त्यांचा होता, म्हणून प्रबंधही त्यांचाच झाला.

मग वर्षं द्यावीत का?

व्यवहार आधी सांगतो, कारण तो लपवण्यात अर्थ नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षं. एम.फिल. बंद झालं. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट पुरेशी आहे, त्या पदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही. नेटमधून जे.आर.एफ. ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. ती न मिळालेल्यांना हा काळ पदरमोड करून काढावा लागतो. तेव्हा केवळ नोकरीसाठी किंवा नावामागे ‘डॉ.’ लागावं म्हणून जे हा विचार करत असतील, त्यांनी नेटचा अभ्यास करावा आणि उरलेली वर्षं दुसऱ्या चांगल्या कामाला द्यावीत. हे मी आपुलकीने सांगतो आहे. मनाविरुद्ध लिहिलेला प्रबंध माणसाची उमेद खातो.

पण तुमच्याजवळ एखादा दरबारीचा गंधार असेल, तर गोष्ट वेगळी. विषय कुठलाही असो: विदर्भातल्या कापसावरची कीड, मोडी लिपीतली दफ्तरं, कोकणातल्या सड्यांवरची फुलं. सगळे ठामपणे बोलतात, पुस्तकात एका रेघेत लिहिलेलं आहे, आणि तुम्हाला दिसतंय की ती रेघ पुरेशी नाही. असा प्रश्न असेल तर पुढची पायरी प्रवेशअर्ज नाही, माणूस शोधणं आहे. विद्यापीठाचं नाव नंतर बघा. आधी मार्गदर्शकाच्या सध्याच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांना भेटा, आणि एकच विचारा: ते तुमचं लिखाण वाचतात का, आणि चुकलं तिथे ‘उतरतोय, पुन्हा लाव’ म्हणतात का? उत्तर हो असेल, तर कृष्णाकाठच्या त्या मुलाला जे मिळवायला धारपासून ग्वाल्हेरपर्यंत हिंडावं लागलं, ते तुम्हाला मिळतंय असं समजा.

अशी वर्षं वाया जात नाहीत, हे मी ठामपणे म्हणतो. त्यांतून कदाचित पगार वाढणार नाही. पण एक गोष्ट तुम्ही स्वतः तपासून, पुराव्याने, नेमकी सांगू शकाल, आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला ती पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागणार नाही. राजाभैया पस्तिशीत शिकायला गेले म्हणून ग्वाल्हेरची गायकी कुणाच्याही घरच्या पेटीपर्यंत पोहोचली. तुमचा प्रश्न खरा असेल आणि ऐकणारा कान मिळाला असेल, तर वय, लोकांचं बोलणं आणि बरोबरीच्यांचे पगार बाजूला ठेवून खुशाल ती वर्षं द्या.