आउट, ऑफ आणि फ्रॉम : बाहेर पडण्याच्या इंग्रजी वाटा

डोक्यावरून पांघरूण ओढून झोपलेल्या मुलाला इंग्रज आई ‘गेट आउट ऑफ बेड’ म्हणते. तेच मूल संध्याकाळी बूट घालून त्याच पलंगावर नाचत असेल, तर हुकूम बदलतो : ‘गेट ऑफ द बेड’. गंमत म्हणजे मराठी आईही हाच फरक करते. सकाळी ‘अंथरुणातून ऊठ’, संध्याकाळी ‘पलंगावरून उतर’. पांघरुणात गुरफटलेलं मूल कशाच्या तरी आत असतं, नाचणारं मूल कशाच्या तरी वर.

इंग्रजीत एखादी जागा सोडायची तर बोलणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की ती जागा कसली. चहूबाजूंनी वेढणारी असेल तर ‘आउट ऑफ’, पृष्ठभाग असेल तर ‘ऑफ’, आणि नुसता निघण्याचा बिंदू असेल तर ‘फ्रॉम’. ‘शी वॉक्ड फ्रॉम द स्टेशन’ म्हटलं की ती स्टेशनच्या आत होती की दाराशी उभी होती, हे कळत नाही. चालणं कुठून सुरू झालं एवढंच कळतं. ‘आउट ऑफ द स्टेशन’ म्हटलं की ती आत होती आणि तिने उंबरठा ओलांडला, हे पक्कं होतं.

‘फ्रॉम’ची आणखी एक खुबी मराठी वाचकाला घरची वाटेल. त्याच्यापुढे दुसरं स्थलवाचक अव्यय बिनदिक्कत येऊन बसतं : ‘फ्रॉम अंडर द टेबल’, ‘फ्रॉम बिहाइंड द डोअर’, ‘फ्रॉम इनसाइड द बॉक्स’. मराठीची घडण अशीच आहे, फक्त उलट्या क्रमाने. सप्तमीच्या ‘त’ला पंचमीचा ‘ऊन’ लागून ‘घरातून’ होतं. तोच ‘ऊन’ ‘टेबलाखालून’, ‘दारामागून’, ‘खोक्यावरून’ अशा सगळ्या रूपांत दिसतो. आधी ठिकाण, मग तिथून निघणं. मात्र या ‘तून’च्या पोटात दोन अर्थ राहतात. ‘ती जंगलातून आली’ या वाक्यातली बाई जंगलात राहणारी आहे की जंगल पार करून आली आहे? इंग्रजी इथे मोघम राहू देत नाही. पहिलीसाठी ‘आउट ऑफ द फॉरेस्ट’, दुसरीसाठी ‘थ्रू द फॉरेस्ट’. खिडकीच्या बाबतीत मात्र इंग्रजांमध्येच दोन घरं आहेत. अमेरिकी माणूस ‘आउट द विंडो’ म्हणतो, ब्रिटिश लेखणी ‘आउट ऑफ द विंडो’ पसंत करते. ‘ऑफ’ गाळायची ही मुभा दार आणि खिडकी अशा वाटेच्या जागांनाच मिळते. प्रमाण इंग्रजीत ‘आउट द हाउस’ चालत नाही.

इतिहास थोडक्यात. षष्ठीसारखं काम करणारं ‘ऑव्ह’ आणि ‘ऑफ’ हा मुळात ‘पासून’ अशा अर्थाचा एकच शब्द. आघात असलेलं रूप ‘ऑफ’ झालं, आघात नसलेलं ‘ऑव्ह’. ‘आउट ऑफ’मधला दुसरा शब्द, म्हणजे खरं तर ‘ऑव्ह’, हेच जुनं ‘पासून’. या शब्दांचे दूरचे नातलग संस्कृत उपसर्गांत आहेत : ‘आउट’चा ‘उद्’, ‘ऑफ’चा ‘अप’, ‘फ्रॉम’चा ‘प्र’.

आता बस. हा विषय कितीही चघळला तरी कंटाळा येत नाही. मोटारीतून उतरायचं ते ‘आउट ऑफ द कार’, टॅक्सीतूनही तसंच. पण बस, आगगाडी, बोट, विमान यांतून ‘ऑफ’. डोक्यावर छप्पर आणि बाजूला भिंती असूनही बस पृष्ठभाग कशी? नेहमीचा खुलासा असा की ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, ते जहाजाच्या डेकसारखं मानलं जातं. घोडा आणि सायकल यांचा ‘ऑफ’ तर उघडच आहे, तिथे आत असं काही नाहीच. लहान होडीतून उतरताना पुन्हा ‘आउट ऑफ’ येतं, म्हणजे आकाराचा हिशोब बराच जुळतो.

पण एवढ्याने भागत नाही, हे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी दाखवून दिलं. बस मार्गावर धावत असेल तर प्रवासी ‘ऑन द बस’ असतात. रानात टाकून दिलेल्या बसच्या सांगाड्यात मुलं खेळत असतील, तर ती ‘इन द बस’. वाहन तेच, पण आता ते कुठेच जाणार नाही. याचाच पुढचा धागा असा की खेळ संपवून ती मुलं ‘आउट ऑफ द बस’ येतील, आणि पेटलेल्या बसमधून जीव वाचवून पळणारेही ‘आउट ऑफ’च येतील. प्रवास चालू असतो तोवर ‘ऑफ’. तो मोडला की उरते एक पेटी, आणि पेटीतून ‘आउट’ व्हावं लागतं. इतका बारीक विचार एका दोन अक्षरी शब्दाच्या निवडीत दडलेला असावा, ही प्रस्तुत लेखकाला इंग्रजीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

मराठीत बस, मोटार, विमान सगळ्यांतून आपण ‘उतरतो’. उतरणं म्हणजे खाली येणं, म्हणून भारतीय माणूस सहज ‘गेट डाउन फ्रॉम द बस’ म्हणून जातो. लंडनच्या कानाला ते उंचावरून खाली येण्यासारखं लागतं. पण हे अडाणीपण नव्हे. बाहेर पडण्यापेक्षा खाली येण्याकडे बघण्याची ही आपल्या भाषांची रीत आहे.

‘आउट’च्या पोटात याहून मोठं कोडं आहे. ‘द स्टार्स आर आउट’ म्हणजे तारे दिसू लागले. ‘द लाइट्स आर आउट’ म्हणजे दिवे दिसेनासे झाले. एकच शब्द, अर्थ परस्परांविरुद्ध! सुझन लिंडनर यांनी 1981 साली सान डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्रबंधात ‘आउट’ आणि ‘अप’ लागणाऱ्या क्रियापदांची छाननी केली, आणि त्यातून याचं उत्तर मिळतं. बघणारा कुठे उभा आहे ते पाहा. तारे लपल्या जागेतून बाहेर आले आणि आपण त्या जागेच्या बाहेर उभे आहोत, म्हणून ते आपल्याला भेटतात. दिवा मात्र आपण जिथे आहोत त्या दृश्य जगातूनच निघून जातो. पुस्तक प्रकाशित होतं तेही ‘आउट’, विस्तव विझतो तोही ‘आउट’. आपल्याकडे ‘लाइट गेली’ म्हणतात, तेव्हा आपणही आत उभे राहूनच तिचं जाणं बघत असतो.

दिशा ‘आउट’सारखा शब्द सांगतो की क्रियापद, यावरून भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी भाषांची एक मोठी विभागणी मांडली. इंग्रजीत दिशा ‘आउट’ सांभाळतो, त्यामुळे क्रियापद ‘कसं’ हे सांगायला मोकळं राहतं. स्पॅनिशमध्ये दिशा क्रियापदातच असते. हा फरक गोष्ट सांगताना उघड होतो. मर्सर मेयर यांच्या 1969 सालच्या ‘फ्रॉग, व्हेअर आर यू?’ या शब्दविरहित चित्रपुस्तकात झाडाच्या ढोलीतून एक घुबड बाहेर येतं. डॅन स्लोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच चित्रं वेगवेगळ्या भाषांच्या मुलांना आणि मोठ्यांना दाखवून गोष्ट सांगायला लावली. इंग्रजी बोलणारे ‘फ्ल्यू आउट’, ‘पॉप्ड आउट’ असं म्हणून जातात. स्पॅनिश बोलणारे बहुतेक वेळा नुसतं ‘बाहेर निघालं’ अशा अर्थाचं क्रियापद वापरतात. मराठी गोष्ट सांगणारी आजी ‘बाहेर आलं’ म्हणेल आणि त्याआधी ‘भुर्रकन’ जोडेल. कसं आलं याचा भार आपण क्रियापदावर न टाकता अशा नादशब्दांवर टाकतो, आणि आपल्याकडे असे शब्द भरपूर आहेत.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांपासून आजपर्यंत आपल्या शाळांत प्रेपोझिशन गाळलेल्या जागा भरूनच शिकवले जातात. मुलं याद्या पाठ करतात आणि बसपाशी अडखळतात. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना विनंती एवढीच की या धड्याची सुरुवात फळ्यावर ‘अंथरुणातून’ आणि ‘पलंगावरून’ हे दोन शब्द लिहून करावी. मग मुलांना विचारावं : सोडलेली जागा कसली होती, आणि बघणारा कुठे उभा होता?