संगणक एक, खाती अनेक : सामाईक फोल्डरची शिस्त

अनेक ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत आणि लहान शाळांत संगणक एकच असतो. त्यावर काम करणारे हात मात्र अनेक असतात. ग्रामपंचायत अधिकारी ग्रामसभेचे इतिवृत्त तयार करतात, संगणक परिचालक पत्रे टंकलिखित करतात, लिपिक कर आकारणीचे तक्ते भरतात. शाळेत मुख्याध्यापक, वर्गशिक्षक व लिपिक यांचीही स्थिती अशीच असते. अशा ठिकाणी सर्वांनी मिळून एकच खाते आणि एकच परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, वापरण्याची प्रथा सहज पडते. ती सोयीची वाटली, तरी दप्तराच्या दृष्टीने धोक्याची आहे. कोणती नोंद कोणी बदलली, हे मग कोणालाच सांगता येत नाही. वाटून घ्यावयाचा तो फोल्डर, परवलीचा शब्द नव्हे, हे सूत्र प्रत्येक कार्यालयाने ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

प्रश्न जुनाच

एका यंत्रावर अनेकांनी काम करण्याचा प्रश्न संगणकाच्या बाल्यावस्थेपासूनचा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एक मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखविली. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून त्या व्यवस्थेत परवलीच्या शब्दाचा उपयोग करण्यात आला.

त्याच व्यवस्थेत पुढे एक बोधप्रद प्रसंग घडला. मजकूर लिहिण्याच्या साधनाची रचना एका जागी एका वेळी एकच माणूस काम करील, असे गृहीत धरून केलेली होती. त्यामुळे ते साधन आपल्या तात्पुरत्या फाइलीस नेहमी एकच नाव देत असे. पुढे संगणकाची देखभाल करणाऱ्यांना एकाच सामाईक जागेत एकाच वेळी काम करण्याची मुभा मिळाली. त्यांपैकी एक जण दिवसाची सूचना लिहीत होता आणि दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. दोन्ही तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि संगणकावर काम सुरू करणाऱ्या प्रत्येकासमोर सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द झळकू लागले. सामाईक जागा उपलब्ध करून देणे पुरेसे नसते. तिच्या वापराचे नियमही ठरवावे लागतात, हा या प्रसंगाचा बोध होय.

खासगी आणि सामाईक

विंडोज प्रणालीत प्रत्येक खात्याचे 'डॉक्युमेंट्स', 'डेस्कटॉप' इत्यादी फोल्डर त्या खात्यापुरते असतात. एका साध्या खात्याला दुसऱ्याचे हे फोल्डर उघडता येत नाहीत. प्रशासक खात्यास, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरला, मात्र ते उघडण्याचा मार्ग असतो. म्हणून दैनंदिन काम साध्या खात्यातून करावे आणि प्रशासक खाते केवळ व्यवस्थेच्या कामासाठी राखून ठेवावे.

सर्वांना लागणाऱ्या कागदांसाठी विंडोजमध्ये 'पब्लिक' नावाचा फोल्डर तयारच असतो. तो सी ड्राइव्हवरील 'यूझर्स' या फोल्डरमध्ये आढळतो. कोरे नमुने, परिपत्रके, सुट्यांची यादी यांसाठी तो पुरेसा आहे. तथापि तो संगणकावरील सर्वच खात्यांना खुला असल्याने नागरिकांचे आधार क्रमांक, बँक खात्यांचे तपशील किंवा विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती त्यात ठेवणे उचित नव्हे.

ठरावीक व्यक्तींसाठी फोल्डर

दोघा-तिघांनाच लागणाऱ्या दप्तरासाठी स्वतंत्र फोल्डर तयार करावा. सी ड्राइव्हवर थेट तयार केलेला नवा फोल्डर सहसा सर्वच खात्यांना खुला असतो, कारण तो ड्राइव्हचे अधिकार वारशाने घेतो. हा वारसा प्रथम तोडावा लागतो. त्यासाठी प्रशासक खात्यातून फोल्डरवर माऊसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' व तेथून 'सिक्युरिटी' हा भाग उघडावा. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन वारसा बंद करावा आणि विचारणा झाल्यावर असलेले अधिकार कायम ठेवण्याचा पर्याय निवडावा. त्यानंतर 'यूझर्स' व 'ऑथेंटिकेटेड यूझर्स' या सर्वसाधारण नोंदी काढून नेमकी खाती जोडावीत. 'सिस्टिम' व 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' या नोंदींना हात लावू नये.

याच खिडकीत 'शेअरिंग' नावाचा आणखी एक भाग दिसतो आणि त्यामुळे अनेकांची गफलत होते. तो भाग मुख्यत्वे जाळ्याने जोडलेल्या इतर संगणकांसाठी आहे. एकाच संगणकावरील खात्यांचा प्रश्न 'सिक्युरिटी'मध्ये सुटतो.

अधिकार देताना कामापुरताच द्यावा. ज्याने केवळ पाहावयाचे त्याला 'रीड', ज्याने भर घालावयाची व दुरुस्ती करावयाची त्याला 'मॉडिफाय' पुरेसा होतो. 'फुल कंट्रोल' दिल्यास ती व्यक्ती इतरांचे अधिकारही बदलू शकते.

लिनक्स प्रणालीत प्रत्येक फाइलीस मालक, गट आणि इतर असे अधिकारांचे तीन स्तर असतात. तेथे संबंधित खात्यांचा गट करून फोल्डर त्या गटाच्या नावे करावा आणि त्यावर 'सेट-जीआयडी' ही खूण लावावी. तेथे तयार होणारी प्रत्येक नवी फाइल मग आपोआप त्या गटाची होते. गटाला तीत लिहिण्याचा अधिकार मिळतो की नाही, हे मात्र तपासून घ्यावे.

वापरातील काही बारकावे

फाइल सामाईक फोल्डरमध्ये आणूनही सहकाऱ्याला उघडत नाही, अशी तक्रार कधी कधी येते. एकाच ड्राइव्हवर हलविलेली फाइल सामान्यतः आपले जुने अधिकार सोबत घेऊन येते. प्रत काढून ठेवलेली फाइल मात्र नव्या फोल्डरचे अधिकार स्वीकारते. म्हणून प्रथम प्रत ठेवावी, ती सहकाऱ्याकडून उघडते याची खात्री करावी आणि मगच मूळ फाइल काढून टाकावी.

एकाने फाइल उघडी ठेवून केवळ खाते बदलले, तर दुसऱ्याला ती बहुधा वाचण्यापुरतीच उघडते. यास्तव काम संपताच फाइल बंद करून खात्यातून पूर्ण बाहेर पडण्याची सवय लावावी.

सामाईक फोल्डरमधून एकाने पुसलेली फाइल सर्वांसाठीच नाहीशी होते. ती पुसणाऱ्याच्याच 'रिसायकल बिन'मध्ये जाते. इतरांना आपल्या खात्यात ती दिसत नाही. त्यामुळे दप्तराची प्रत नियमितपणे वेगळ्या डिस्कवर घेऊन ती कुलपात ठेवणे आवश्यक आहे.

बदली आणि दप्तर

या शिस्तीची खरी कसोटी कर्मचाऱ्याची बदली होते तेव्हा लागते. खाते काढून टाकताना त्यातील खासगी फोल्डरही पुसले जाऊ शकतात. वर्षभराची इतिवृत्ते, कामांची छायाचित्रे व पत्रव्यवहार एखाद्याच्या 'डॉक्युमेंट्स'मध्येच राहिले असतील, तर खात्याबरोबर गावचे दप्तरही जाते. पदभार सोपविताना सामाईक फोल्डरची यादी करावी, जाणाऱ्याचा अधिकार काढावा, येणाऱ्यास नवे खाते द्यावे आणि जुने खाते त्यानंतरच बंद करावे.

परवलीचा शब्द ही सोयीने वाटण्याची वस्तू नव्हे, हे कायद्यानेही मानले आहे. दुसऱ्याचा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे किंवा कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी अन्वये तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा अपराध आहे.

सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी ठरलेली असते, म्हणूनच ती विहीर सर्वांच्या उपयोगी पडते. संगणकावरील सामाईक दप्तराचेही तसेच आहे. खाते ज्याचे त्याचे, फोल्डर सर्वांचा आणि जबाबदारी प्रत्येकाची, एवढी व्यवस्था लावण्यास नवा खर्च लागत नाही. सरपंच, मुख्याध्यापक व कार्यालयप्रमुखांनी एक दिवस ठरवून आपल्या कार्यालयातील खाती व फोल्डर तपासून घेतल्यास ग्रामस्थांची माहिती सुरक्षित राहील आणि कोणत्या नोंदीस कोण उत्तरदायी आहे, हेही स्पष्ट होईल.