चाओ फ्रायाकाठची राजधानी

आग्नेय आशियातील राजधान्यांत बँकॉकइतकी गजबजलेली आणि नवागताला प्रथमदर्शनी गोंधळात टाकणारी नगरी क्वचितच आढळेल. परंतु मोटारीच्या खिडकीतून जी केवळ वाहनांच्या कोंडीचा पसारा भासते, तीच चाओ फ्राया नदीच्या पात्रातून पाहू लागले असता आपल्या रचनेचे मर्म सहज उलगडून दाखविते. हे शहर पाण्याच्या आश्रयाने वसले. रस्ते त्याला मागाहून मिळाले, आणि रेल्वे तर अगदी अलीकडे. शहर पाहण्यास निघालेल्याने हाच क्रम धरणे हिताचे.

१७६७ साली ब्रह्मी फौजांनी अयुत्थया या जुन्या राजधानीचा विध्वंस केल्यावर ताकसिन राजाने नदीच्या पश्चिम तीरावर, थोनबुरी येथे, गादी स्थापिली. १७८२ मध्ये चक्री घराण्याचा संस्थापक पहिला राम याने ती पूर्व तीरावर हलविली. तेथे वस्ती करून राहिलेल्या चिनी व्यापाऱ्यांना साम्पेंगकडे जाण्याचा हुकूम झाला, जेथील चिंचोळ्या गल्लीत घाऊक बाजार आजही गजबजलेला असतो. आणि मोकळ्या झालेल्या जागेवर, अयुत्थयेच्या भग्नावशेषांतून नदीमार्गे आणविलेल्या विटांनी, नवी राजधानी उभी राहू लागली.

राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केओ हे मंदिर या राज्याचे परमपवित्र स्थान होय. तेथील पाचूच्या रंगाची बुद्धमूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटर उंचीची, परंतु तिचा मान एवढा मोठा की उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तीन ऋतूंच्या आरंभी तिची वस्त्रे बदलण्याचा विधी परंपरेने राजाकडे असतो. सभोवारच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे थायलंडचे रामायण, चित्रित केलेले आहे. त्यातील शुभ्रवर्ण हनुमान ब्रह्मचारी नसून अनेक नायिकांचा वल्लभ आहे, हे पाहून मराठी प्रेक्षकास नवल वाटल्यावाचून राहत नाही. खांदे व गुडघे झाकणारा पोशाख येथे सक्तीचा आहे. आणि राजवाडा आज बंद असल्याचे बाहेर कोणी अदबीने सांगू लागल्यास त्याचे न ऐकता थेट देवडीपर्यंत जावे, कारण असल्या सौजन्याचा शेवट बहुधा जवाहिऱ्याच्या दुकानात होतो.

दक्षिणेस लागूनच वाट फो आहे. तेथील शयनस्थ बुद्ध ४६ मीटर लांब असून त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हे रेखाटली आहेत. तिसऱ्या रामाने वैद्यकादी विद्यांचे ज्ञान येथे शिळांवर कोरवून घेतले, आणि अंगमर्दनाची कला आजही येथे शिकविली जाते. जवळच्या ता तियन धक्क्यावरून तरीने पैलतीर गाठले की चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढविलेले वाट अरुणचे उत्तुंग शिखर समोर येते.

रस्त्यांचा इतिहास याहून अर्वाचीन आहे. घोड्यावरून रपेट करण्यास वाट नसल्याने प्रकृती बिघडते, असा अर्ज युरोपीय वकिलांनी १८६१ साली दरबारी गुदरला, आणि चौथ्या रामाच्या आज्ञेने चारोएन क्रुंग हा रस्ता १८६४ मध्ये सिद्ध झाला. पुढे कालव्यांमागून कालवे बुजवून रस्ते झाले. ‘सोई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या कित्येकदा पुढे बंदच असतात, त्यामुळे सारी वाहतूक मोजक्या हमरस्त्यांवर लोटते आणि तासन्‌तास तुंबून राहते. सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकिटे घातलेले मोटारसायकलस्वार भाड्याने मिळतात ते याचसाठी.

या कोंडीवर उतारा म्हणून १९९९ मध्ये उन्नत रेल्वे आणि २००४ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली. साथोन धक्क्याशेजारीच सफान ताकसिन हे उन्नत रेल्वेचे स्थानक असल्याने तेथे नदी आणि रेल्वे यांची गाठ पडते. भुयारी रेल्वेचे सनाम चाय स्थानक २०१९ पासून प्रवाशाला वाट फोच्या अगदी जवळ आणून सोडते. सेन सेप कालव्यातील नावाही अद्याप चालू आहेत. त्यांत बसणाऱ्यांना पाण्याचे शिंतोडे अडविण्यासाठी बाजूची ताडपत्री स्वहस्ते ओढून धरावी लागते, परंतु रस्त्यावरील मोटारी जागच्या हलत नसतात त्या वेळी हाच जलमार्ग नोकरदारांना कचेरीत वेळेवर पोहोचवितो.

टुकटुकची हौस एखाद्या लहान पल्ल्यापुरती, भाडे अगोदर ठरवून, अवश्य भागवावी. मुक्काम निवडताना मात्र हॉटेलच्या थाटापेक्षा रेल्वेचे स्थानक वा नदीचा धक्का तेथून किती पावलांवर आहे, याचीच चौकशी आधी करावी. या शहरात अंतर मैलांनी मोजण्यात फारसा अर्थ नाही.