वेदनेला दोन डॉक्टर का लागतात?

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यातील गावोगावचे रुग्ण येतात. कर्करोग हाडात पसरला की वेदना असह्य होतात. किरणोपचारतज्ज्ञ त्या हाडावर किरणांचा मारा करतात. पण गुण यायला काही दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर काय? उपशामक उपचारांचे डॉक्टर मॉर्फिन देऊन दुखणे आवाक्यात ठेवतात. पुढे किरणांचा गुण आला, की मॉर्फिन कमी करता येते.

तरीही ‘आता इलाज नाही’ म्हटल्यावरच उपशामक उपचार सुरू होतात, असे आपण समजतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या अभ्यासात फुप्फुसाचा कर्करोग पसरलेले १५१ रुग्ण होते. निदानानंतर लगेच दोन्ही उपचार मिळालेल्यांचे जगणे सुसह्य झालेच, शिवाय ते सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. म्हणून वेदनेबद्दल आपण पहिल्याच भेटीत विचारावे.