रुझवेल्टने निवडलेला माणूस

१८९० साली वॉशिंग्टनमध्ये दोन तरुण अधिकारी एकमेकांच्या घरापासून जवळच राहत होते. थिओडोर रुझवेल्ट सनदी नोकऱ्यांच्या आयोगावर होता आणि विल्यम हॉवर्ड टॅफ्ट सरकारचा सॉलिसिटर जनरल. सकाळी दोघं गप्पा मारत पायीच कचेरीला जायचे. रुझवेल्ट बोलायला लागला की हातवारे करत बोलत सुटायचा. टॅफ्ट अंगाने अवाढव्य, हसतमुख, समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेणारा. बावीस वर्षांनी हेच दोघं अध्यक्षपदासाठी एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि दोघंही पडले.

या भांडणाची कारणं आयातकर, जंगलं, बड्या कंपन्या अशी सांगितली जातात. ती खरीच आहेत. पण यांतल्या बहुतेक बाबतींत दोघांना हवं होतं ते एकच. ते मिळवताना अध्यक्षाने कसं वागायचं, यावर मात्र त्यांची मतं दोन टोकांची होती. एक जण हुकूम सोडत होता आणि दुसरा तो निगुतीने तडीस नेत होता, तोवर हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

१९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्लीचा खून झाला आणि उपाध्यक्ष रुझवेल्ट वयाच्या ४२ व्या वर्षी अध्यक्ष झाला. घटनेने किंवा कायद्याने मना केलेली नाही अशी कोणतीही गोष्ट लोकहितासाठी अध्यक्ष करू शकतो, असं तो मानायचा. १९०७ सालचा प्रसंग पाहा. वायव्येकडच्या सहा राज्यांत संसदेच्या परवानगीशिवाय नवी राखीव जंगलं करू नयेत, असं कलम संसदेने एका विधेयकात घुसवलं. विधेयक सहीसाठी टेबलावर पडलेलं असताना वनप्रमुख गिफर्ड पिंचोटची माणसं नकाशे काढत बसली. रुझवेल्टने आधी सुमारे एक कोटी साठ लाख एकर जंगल राखीव असल्याचे जाहीरनामे काढले आणि मगच विधेयकावर सही केली.

टॅफ्टचा पिंड न्यायाधीशाचा. अध्यक्षाला असलेला प्रत्येक अधिकार घटनेत किंवा कायद्यात बोट ठेवून दाखवता आला पाहिजे, ही त्याची धारणा. पुढे १९१६ च्या पुस्तकात त्याने ती सविस्तर मांडली. आयुष्यभराची इच्छा एकच, सर्वोच्च न्यायालय. तरी तो फिलिपीन्सचा गव्हर्नर असताना रुझवेल्टने त्या न्यायालयातली जागा देऊ केली, तेव्हा हातातलं काम अर्धवट टाकायचं नाही म्हणून त्याने ती नाकारली. नंतर तो युद्धमंत्री झाला. रुझवेल्ट राजधानीबाहेर गेला, तर मागे टॅफ्ट आहे म्हणून निर्धास्त असायचा.

१९०८ मध्ये रुझवेल्टने आपला वारस म्हणून त्यालाच पुढे केलं. टॅफ्टच्या बायकोला अध्यक्षपद हवं होतं. त्याला स्वतःला प्रचाराचा तिटकारा होता. निवडून आल्यावर त्याने रुझवेल्टला लिहिलेलं पत्र वाचून जीव कळवळतो. कुणी ‘अध्यक्ष महाराज’ म्हटलं की तुम्ही शेजारी उभे आहात का म्हणून मी वळून बघतो, अशा अर्थाचं त्याने लिहिलं होतं. माझ्या मते रुझवेल्टची चूक इथेच झाली. उत्तम दुय्यम माणूस हा आपोआप आपल्यासारखा पहिला होईल, असं त्याने धरून चालायला नको होतं.

रुझवेल्ट शिकारीला आफ्रिकेत गेला आणि टॅफ्ट आपल्या पद्धतीने कारभार करू लागला. सरकारी जमिनी राखून ठेवायला त्याची ना नव्हती; पण त्यासाठी त्याने संसदेकडे स्पष्ट अधिकार मागितला, १९१० मध्ये कायदा करून घेतला आणि त्याच्या आधारे जमिनी राखल्या. दरम्यान अलास्कातल्या कोळशाच्या जमिनींवरून पिंचोटने अंतर्गत व्यवहार मंत्री बॅलिंजरवर जाहीर आरोप केले. टॅफ्टने कागदपत्रं पाहिली, बॅलिंजरला निर्दोष ठरवलं आणि शिस्तभंगासाठी पिंचोटला काढलं. पिंचोट थेट इटलीला जाऊन परतीच्या वाटेवरच्या रुझवेल्टला भेटला.

टॅफ्टने हे सगळं लोकांना समजावून सांगितलंच नाही. रुझवेल्ट दुपारी दाढी करून घेताना वार्ताहरांना बोलवायचा. न्हावी वस्तरा चालवतोय आणि हा खुर्चीतून उसळून उत्तरं देतोय, असा रोजचा दरबार. टॅफ्टने तो बंद केला. निकालपत्र स्वतः बोलतं, न्यायाधीशाला बोलावं लागत नाही, ही सवय त्याने अध्यक्षपदावर नेली आणि ती त्याला फार महागात पडली. बड्या मक्तेदार कंपन्यांवर त्याने चार वर्षांत जितके खटले भरले, तितके रुझवेल्टने साडेसात वर्षांत भरले नव्हते. लोकांच्या लेखी मक्तेदारांचा कर्दनकाळ मात्र रुझवेल्टच राहिला.

त्यांतल्याच एका खटल्याने उरलंसुरलं संपवलं. कोणती कंपनी चांगली, कोणती वाईट हे रुझवेल्ट स्वतः ठरवायचा. १९०७ च्या आर्थिक घबराटीत त्याने यू. एस. स्टीलला एक प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेऊ दिली होती. ऑक्टोबर १९११ मध्ये टॅफ्टच्या सरकारने त्याच व्यवहारावर बोट ठेवून खटला भरला. रुझवेल्टला तेव्हा फसवलं गेलं, असा खटल्याचा सूर होता. हे रुझवेल्टला सहन होणं शक्यच नव्हतं.

या सगळ्यात सर्वांत जास्त कुचंबणा झाली ती आर्ची बटची. हा लष्करी अधिकारी आधी रुझवेल्टचा आणि मग टॅफ्टचा सहायक. दोघांवर त्याचा सारखाच जीव. घरच्यांना लिहिलेल्या पत्रांतून त्याने ही मैत्री विरताना टिपली आहे. १९१२ च्या फेब्रुवारीत रुझवेल्टने उमेदवारी जाहीर केली. बटची तब्येत ढासळलेली पाहून टॅफ्टने त्याला युरोपला सुट्टीवर धाडलं. परतताना तो टायटॅनिकवर होता. तो बुडाला, त्यानंतर दहाच दिवसांनी टॅफ्टने बॉस्टनला पहिल्यांदा रुझवेल्टवर जाहीर टीका केली. भाषणानंतर आगगाडीच्या डब्यात एका वार्ताहराला तो डोकं धरून बसलेला दिसला. रुझवेल्ट माझा सगळ्यात जवळचा मित्र होता, एवढंच तो बोलला आणि रडू लागला.

पुढचं भराभर घडलं. ओहायोतही, म्हणजे टॅफ्टच्या घरच्या राज्यात, पक्षांतर्गत मतदान रुझवेल्टने जिंकलं. पण शिकागोच्या अधिवेशनात पक्षयंत्रणेने टॅफ्टला उमेदवारी दिली. रुझवेल्टने वेगळा पक्ष काढला. नोव्हेंबरात विरोधी पक्षाच्या विल्सनला ४३५, रुझवेल्टला ८८ आणि टॅफ्टला अवघी ८ निर्वाचक मतं पडली. विल्सनची प्रत्यक्ष मतं ४२ टक्क्यांच्या आसपासच होती. मित्रांची बेरीज त्याहून जास्त भरते.

मे १९१८ मध्ये शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलात रुझवेल्ट एकटा जेवतोय असं टॅफ्टला कळलं. तो तडक भोजनगृहात गेला. दोघांनी मिठी मारली आणि जेवणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठ महिन्यांच्या आत रुझवेल्ट वारला.

१९२१ मध्ये टॅफ्ट अखेर सरन्यायाधीश झाला. त्याच्यापुढे मायर्स नावाच्या पोस्टमास्तरचा खटला आला. अध्यक्षाने नेमलेल्या माणसाला काढताना सिनेटची संमती लागते का, हा प्रश्न होता. १९२६ साली टॅफ्टने स्वतः निकाल लिहिला: लागत नाही. अध्यक्षाचे हात मोकळे करणारा हा निकाल रुझवेल्टलाही आवडला असता. तो देताना टॅफ्ट १७८९ सालच्या पहिल्या संसदेतल्या चर्चेपर्यंत मागे गेला आणि तिथले दाखले त्याने पानामागून पान मांडले.