माळाची पारख

जमिनीत पैसा घालावा का, असे कुणी विचारले म्हणजे मी त्याला कुंडलच्या माळाची हकीकत सांगतो. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी हा माळ देऊ केला. जिकडेतिकडे निवडुंग आणि साप! पण रेल्वेस्टेशन जवळ होते. लक्ष्मणरावांनी तेवढे हेरले आणि तिथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तेव्हा जागेच्या रूपावर भुलू नका. रस्ता आणि पाणी पाहा. सातबारा, फेरफार, बोजा वकिलाकडून तपासून घ्या. शेतजमीन असेल, तर शेतकरी नसलेल्याला ती सरकारी परवानगीवाचून सहसा घेता येत नाही. जन्मभराची पुंजी आहे; खात्री पटल्यावरच इसार द्या.